तिसऱ्या बेसवरची हाक

ये बाई, सरक अशी जवळ. एवढी मोठी गोष्ट कुणी फोनवर सांगतं व्हय गं? "मावशी, पुरुषांच्या पगारी बेसबॉल संघानं कोच म्हणून बोलावलंय, जाऊ का?" एवढं विचारलंस आणि रेंज गेली म्हणून फोन ठेवलास. आता तू समोर बसलीयस असं समजून लिहिते. नीट वाच.

मी पण हे केलंय. शाळेत पोरींना सॉफ्टबॉल शिकवता शिकवता कराडकडच्या एका कारखान्याच्या पगारी संघावर गेले. मला काम दिलं तिसऱ्या बेसजवळ उभं राहायचं. धावत येणाऱ्याला तिथनं सांगायचं, थांब का पळ. त्याच्या पुढं होम. तिथं पाय टेकला की धाव मिळाली. आमच्या पोरांनी त्या होमचं सरळ घर करून टाकलेलं. त्यामुळं मी ओरडायची ते, "घरी! घरी पळ!"

सांगलीला शेवटचा सामना. एका धावेनं मागं होतो. आमचा एक गडी, फौजेतनं सुटून आलेला, दुसऱ्या बेसवरनं सुटला तो माझ्यापर्यंत आला. चेंडू अजून लांब होता. मी जीव खाऊन ओरडले, "घरी! घरी!"

बघ्यांच्या मांडवातनं कुणीतरी म्हणालं, "आवं बाई, तुमीच जावा की घरी, भाकरी करपंल!"

सगळं मैदान हसलं. गडीही हसला, आणि हसता हसता त्यानं आमच्या संघाच्या मॅनेजर साहेबांकडं बघितलं. साहेब हात वर करून पाणीवाल्याला बोलवत होते. ह्याला वाटलं, थांब म्हणतायत. थांबला, परत पळाला, आणि घराच्या तोंडाशी बाद झाला. सामना गेला.

परतताना गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला. "मॅडम, आयकलं हुतं मी तुमचं."

"मग थांबलास का रं?"

"सवय न्हाई वो. हुकूम म्हंजी सायबाचा."

"हे साहेबांना सांगशील?"

तो उठला आणि पुढं साहेबांच्या मागच्या बाकावर जाऊन बसला.

पुढच्या हंगामात मी नावाला कोच. साहेब म्हणाले, "पोरांच्या जेवणाचं तुमी बघा. बाईमाणसाला ते बरं जमतं." बघितलं थोडे दिवस. मग गुडघे दुखतात सांगून सोडलं. दुखत होतेच गं, खोटं नव्हतं. पण गुडघ्यासाठी कोण सोडतंय?

तुला जाऊ नको म्हणत नाही. जा. फक्त पहिल्याच दिवशी, सगळ्या पोरांसमोर तिथल्या साहेबांना विचार: मी पळ म्हटलं आणि साहेब थांब म्हटले, तर पोरानं कुणाचं ऐकायचं? उत्तराला वेळ लावला तर काय ते समज. पगाराचं नंतर बोल.

आणि सही करायच्या आधी एकदा इकडं येऊन जा. फोनवर लय बोललं की दम लागतो मला हल्ली. सकाळचीच ये, दुपारी मी आडवी होते. पण ये गं, लवकर ये.