जमखान्याबाहेरचे हात

पहिली थप्पड बसली तेव्हा माझा हात वरच होता. मतासाठी वर केलेला. पुढच्या थपडेला मी कोलमडले. मग त्यानं केसाला धरून फरफटत नेलं आणि तोंडावर लाथ घातली. दात तुटून ओठात रुतला.

मारणारा आमच्या पत्र्याच्या खोल्यांचा मालक. अख्खी वस्ती त्याला अण्णा म्हणते. महादेवपुऱ्यातल्या सरकारी शाळेच्या आवारात, दिवसाढवळ्या, मास्तरांच्या डोळ्यांदेखत त्यानं मला मारलं.

माझा गुन्हा काय? शाळा समितीच्या अध्यक्षपदाला मी त्याच्याविरुद्ध उभी राहिले. त्याचा पोरगा व्हॅनमधून भारी शाळेत जातो, नाव मात्र आमच्या शाळेतही लावलेलं, बापाला पालक म्हणून समितीत बसता यावं म्हणून. मी निपाणीकडची, कामासाठी या कन्नड शहरात आलेली. व्हाइटफील्डच्या एका कंपनीत संडास धुते. ते माझं पोटाचं काम. पण शाळेत माझ्या पोरीलाही तेच करायला लावत. बाकीची पोरं पाढे म्हणायची आणि आमच्या वस्तीतल्या पोरी खराटा घेऊन संडासात. जाब विचारायला गेले तर हेडमास्तर म्हणाले, "तुमच्यात सवय असते ना." माझं डोकं सणकलं. समितीत बसल्याशिवाय हे थांबणार नव्हतं.

मतदान हात वर करून. आवारात जमखाना अंथरलेला. मालकाची माणसं त्यावर मांडी ठोकून बसली. आम्ही नळाजवळ उभे राहिलो. कुणी उभं राहा म्हटलं नव्हतं. बसाही कधी कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून पाय आपोआप तिकडं वळले. अंगात भिनलेलं, दुसरं काय. हात वर झाले. आमचे जास्त होते, आंधळ्यालाही कळलं असतं. निवडणूक अधिकाऱ्यानं फक्त जमखान्यावरचे मोजले.

"सभा जमखान्यावर आहे," तो म्हणाला. "नळाजवळचे हजर धरता येत नाहीत."

मी हात खाली घेतला नाही. "आमचेही हात मोजा," म्हणत पुढं गेले. तेव्हा मालक उठला.

माझ्या तोंडातलं रक्त जमखान्यावर सांडलं. मालक शिपायाला म्हणाला, "हा धुवायला टाक. बाटला." आणि अधिकारी कागद गोळा करत मला म्हणाला, "स्वल्प, जरा गप्प राहा, अक्का. माझा निर्णय अंतिम आहे. कोर्टही बदलू शकत नाही."

बाटला. तो शब्द लाथेपेक्षा खोल गेला. ज्यावर बसायला आम्ही भ्यालो, तिथं आमचं रक्त आमच्या आधी पोचलं होतं. मला मालकाचा राग आला, पण त्याहून जास्त माझ्या या पायांचा आला. त्याचं नरडं दाबावं असंही वाटलं, खोटं कशाला सांगू? दाबलं नाही. कोर्टात गेले.

हायकोर्टात त्यांच्या वकिलानं तीच रेकॉर्ड लावली. शाळेच्या निवडणुकीत कोर्टानं पडू नये, अधिकाऱ्याचा शब्द शेवटचा. न्यायाधीशांनी विचारलं, "त्यांनी हात मोजायचे होते. माणसं कुठं उभी आहेत हे बघायला कुणी सांगितलं?" अधिकार दिला म्हणजे मनमानी करायची मुभा दिली असं होत नाही, आणि असा निर्णय तपासणं हे कोर्टाचं कामच आहे, असं न्यायाधीश म्हणाले. निवडणूक रद्द झाली. मतदान पुन्हा घ्या, असा हुकूम निघाला.

मी पेढे वाटले नाहीत. मारहाणीची तक्रार अजून पोलीस ठाण्यात पडून आहे. दात गेला तो गेला. मालकाचा निरोप आलाय, खोली सोड, नाहीतर या वेळी दातावर भागणार नाही.

उद्या मतदान आहे. वस्तीत घरोघर सांगून आलेय, नळाकडं कुणी फिरकायचं नाही. फाटक उघडलं की जमखान्याच्या मधोमध जाऊन बसायचं. पोरीला मी शेजारी घेऊन बसणार आहे. कोर्टानं हात मोजायला लावले, पण बसायचं आमचं आम्हालाच आहे. मला उठवायला ज्याला यायचं त्यानं खुशाल यावं. मार खाईन, वेळ आली तर देईनही. उठणार नाही.