मोरांसाठी आणलेला चुना

माझे सासरे चिमाजी यांच्यापुढे अक्षरशः डोकं फोडून घ्यावंसं वाटतं. मोरांनी आमच्या भुईमुगात शिरू नये म्हणून डोंगरालगतचा तुकडा खास मोरांसाठी पेरायचं त्यांनी ठरवलं. तिथली माती तपासणीत आंबट, म्हणजे आम्लधर्मी निघाली; तिच्यावर उतारा चुन्याचा. मग भिंतीचा नको, शेतीचाच चुना हवा म्हणून अख्खं नाशिक पालथं घातलं, तो आणला आणि रानभर फेकला. मातीत मिसळायला ट्रॅक्टरवाला काही आला नाही. पांढरंफटक रान बघून लोक विचारायला लागले, "हेलिकॉप्टर उतरतंय का? कोण मंत्री येतोय?" मंत्री आला नाही, तेव्हा पोरांनी तोच चुना झाडून गोळा केला, त्याच्या रेषा आखल्या आणि तिथं कबड्डीचं मैदान केलं. मोर अजून भुईमुगातच! आणि काल सासऱ्यांनी चुन्याची आणखी एक गोणी आणली. कशाला? तर म्हणे, मैदानाच्या रेषा पुसट झाल्यात!