डाव्या सीटचा ब्रेक

घटस्फोटाच्या शेवटच्या तारखेला दोघं एकाच गाडीतून निघाले, याचं पुढे बऱ्याच जणांनी हसं केलं. पण गाडी एकच होती. छपरावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, मागच्या काचेवर मोठं लाल अक्षर आणि डाव्या सीटच्या पायाशी जादा ब्रेक. न्यायालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि वेळ दोघांची एकच होती. "रिक्षाचा खर्च कशाला?" असं मॅडम म्हणाल्या, आणि सरांनी किल्ली उचलली.

त्यांना सगळे मॅडम आणि सरच म्हणत. शिकायला येणारे म्हणत, दुकानदार म्हणत, आणि स्कूलमध्ये ती दोघं एकमेकांनाही तेच म्हणत. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते असलेली एक खोली आणि दारात ही गाडी, एवढाच पसारा. सकाळच्या तुकड्या मॅडमकडे, संध्याकाळच्या सरांकडे. शिकवण्याची पद्धत मात्र दोन टोकांची. सर शेजारी बसून खिडकीबाहेर बघत. शिकणाऱ्याला चुकू द्यायचं, अगदी गळ्याशी आलं तरच हात घालायचा. मॅडमचा उजवा पाय सदैव डाव्या सीटच्या ब्रेकवर. समोर कुत्रं दिसलं, चेंडू दिसला, कुणी फुटपाथच्या कडेला उभं दिसलं, की गाडी थांबलेली असे. मुलं त्यांना पाठीमागे ब्रेकबाई म्हणत.

वीस वर्षांच्या संसारातलं निम्मं भांडण याच विषयावर झालं असावं. "समोरच्यावर थोडा विश्वास ठेवावा माणसानं," सर म्हणत. "तुम्ही ठेवता, म्हणून मला ठेवता येत नाही," असं मॅडमचं उत्तर. उरलेलं निम्मं भांडण कशावर होतं, ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली, घर रिकामं झालं, आणि एकदा जेवताना दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. आरडाओरडा नव्हता. संमतीचा अर्ज झाला, न्यायालयानं विचार करायला मुदत दिली, तीही संपली. त्या दिवशी फक्त "हो" म्हणायचं बाकी होतं.

मोठ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपाच्या अलीकडे, एक म्हातारा फुटपाथवर उभा होता. त्यानं एक पाय खाली टाकला. सरांनी पाहिलं. म्हातारा आपल्याकडे बघतोय, तो उतरणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. डाव्या सीटवर बसलेल्या मॅडमचा पाय हिशेब करत नसे. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून आलेला टेम्पो तिच्यात घुसला.

सरांच्या कपाळाला चार टाके पडले. टेम्पोचालकाचा हात मोडला. मॅडमचा उजवा घोटा, ब्रेकवर जोर देऊन ताठ धरलेला, दोन ठिकाणी तुटला. त्यात स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसले. म्हातारा गर्दीत कुठे गेला, ते कुणालाच कळलं नाही.

मॅडमना शुद्ध आली तेव्हा पोलिसांनी जबाब घेऊन झाले होते. टेम्पोचालकानं सांगितलं होतं, गाडी मोकळ्या रस्त्यात विनाकारण थांबली. सरांनी सांगितलं होतं, ब्रेक मीच दाबला. खटला दोन्ही चालकांवर भरला गेला: टेम्पोवाल्यावर अंतर न ठेवल्याचा, सरांवर हयगयीनं गाडी चालवल्याचा.

"असं का सांगितलंत?" मॅडमनी कॉटवरून विचारलं.

"तुझ्या भरपाईचं बघायला नको?" सर खुर्चीत अवघडून बसले होते. "तू नुसती शेजारी बसलेली, तर पूर्ण मिळेल."

"आयुष्यभर बोंब मारलीत, हिचा पाय फुकट ब्रेकवर असतो. आणि ज्या दिवशी खरोखर होता, त्या दिवशी तुम्ही मिठाची गुळणी धरलीत?"

"हळू बोल, शेजारचा पेशंट जागा आहे."

यातली खरी गोम वकीलबाईंनी उलगडून सांगितली. त्या मॅडमच्या घटस्फोटाचं काम बघत होत्या, आता अपघाताचंही बघू लागल्या. सरांवर दोष शाबीत झाला तर गाडी शिकवण्याचा त्यांचा परवाना जाणार. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. उलट ब्रेक मॅडमनी दाबला असं ठरलं, तर जितकी त्यांची चूक, तितकी भरपाई कापली जाणार. आणि त्या पायानं पुन्हा ब्रेक दाबता येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"साक्षीला तुम्हाला बोलावतील," वकीलबाई म्हणाल्या. "खोटं बोला असं मी म्हणणार नाही. पण तिथं शपथेवर बोलाल ते भरपाईच्या दाव्यात तुमच्यासमोर वाचून दाखवतील. आणि घटस्फोट अजून झालेला नाही. कायद्यानं तुम्ही त्यांच्या बायकोच आहात. नवऱ्यासाठी बोलतेय, असंच सगळे धरून चालणार."

"म्हणजे खरं बोलले तरी खोटं ठरणार?"

"खोटं ठरेल किंवा महाग पडेल. दोन्हीही होईल कदाचित."

लेक सुट्टी काढून आली होती. स्वयंपाकघरात आईच्या पायाखाली उशी सारत ती म्हणाली, "आई, बाबांनीच स्वतःहून अंगावर घेतलंय ना? मग राहू दे की. तुला पुढे चालायला काठी लागणार आहे."

"त्यांनी अंगावर घेतलं, ते माझं होतं," मॅडम म्हणाल्या. "माझं मला न विचारता घ्यायची जुनी सवय आहे त्यांना. आणि तू त्यांची वकिली करतेयस की माझी, ते आधी ठरव."

साक्षीच्या दिवशी न्यायालयाच्या खोलीत पंखा घरघरत होता. सर आरोपीच्या बाजूला, नवा शर्ट घालून उभे. मॅडमना काठीमुळे बसून बोलायची परवानगी मिळाली. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीनं अचानक ब्रेक दाबला का?

"नाही. मी दाबला."

खोलीत चुळबुळ झाली. सरांनी डोळे मिटले. "ती गोळ्या घेतेय, साहेब," ते मोठ्यानं म्हणाले. न्यायाधीशांनी त्यांना गप्प केलं.

"बाई, चालवत होते तुमचे पती," सरकारी वकील म्हणाले. "ते स्वतः शिक्षक आहेत. मग तुम्ही ब्रेक कशाला दाबाल?"

"रोज दाबते. शेजारी कोण बसलंय हे पाय बघत नाही."

"तुम्ही नवऱ्याला वाचवताय."

"साहेब, नवऱ्याला सोडायलाच निघाले होते मी."

न्यायाधीशांनाही हसू आवरावं लागलं. मग त्यांनी विचारलं, म्हातारा रस्त्यात उतरला होता का?

"एक पाय खाली टाकला होता. दुसरा टाकला असता की नाही, ते मला ठाऊक नाही. त्यांना वाटलं नाही टाकणार. त्यांचंही बरोबर असेल."

हे वाक्य मॅडमना सगळ्यात महागात पडलं. भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीनं ते जसंच्या तसं वाचून दाखवलं, आणि रकमेचा मोठा तुकडा गेला. इकडे खटल्यात, घोट्यातल्या दुखापतीची तऱ्हा पाहता तो पाय ब्रेकवर जोरानं दाबलेला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. सर सुटले.

सुटले त्या दिवशी आवारात सरांनी मॅडमना गाठलं. "कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? स्वतःचं नुकसान करून घेतलंस."

"तुमचा परवाना गेला असता, तर दरमहा पोटगी म्हणून काय दिलं असतंत? हॉर्न?"

सर हसले नाहीत. रुमालानं चेहरा पुसायला ते जरा लांब, भिंतीकडे गेले.

घटस्फोट पुढच्या तारखेला झाला. पुन्हा एकत्र राहण्याची काही शक्यता, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं. नाही, असं दोघांनीही सांगितलं, आणि ते खरं होतं. ठरलेल्या अटींत एकच बदल झाला, तोही सरांच्या वकिलानं मांडलेला. स्कूलची खोली दोघांच्या नावावर राहील. मॅडम तिथं बसून खुणा आणि नियम शिकवतील.

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "सोडू का?"

"बसनं जाईन."

बसथांबा समोरच होता. मॅडम काठी टेकत बाकावर जाऊन बसल्या. सरांनी गाडी वळवून आणली आणि बरोबर थांब्यापुढे उभी केली. उतरलेही नाहीत, निघालेही नाहीत. बसथांब्यावर गाडी लावू नये, हे ते रोज संध्याकाळी शिकवत. रांगेतले लोक छपरावरची पाटी वाचून एकमेकांना खुणावू लागले.

लांबवर बस दिसली. मॅडमनी काठीनं गाडीच्या दारावर दोनदा टकटक केलं.

"सर, गाडी काढा. बस येतेय."

"दिसली," सर म्हणाले आणि उजवीकडचा दिवा लावून, मागचा आरसा नीट बघून, निघाले.