तोरणातल्या बियांचा झेंडू

वाळलेला झेंडू बोटांत चुरगळला की उग्र वास सुटतो आणि मला संस्थानच्या काळातला जव्हारचा एक दसरा आठवतो. आदल्या वर्षी बाजारातल्या फूलवाल्याने दुकानाच्या दारावरचं सुकलेलं तोरण काढून फेकलं आणि मी ते उचललं. तो सगळ्यांदेखत हसला. "तुमच्या सूर्यमाळ गावाला प्यायला पाणी नाही, आणि तू फुलं पिकवणार?" तो शब्द मी विसरलो नाही. पावसाळा लागताच नागलीच्या शेताच्या बांधावर ते बी टाकलं. श्रावणानंतर पाऊस गेला, विहिरी आटल्या. त्याच्या मळ्यातल्या रोजच्या पाण्याने लाडावलेल्या रोपांनी माना टाकल्या, माझी कळ्यांनी लगडली. जव्हारच्या राजवाड्याला दसऱ्याचं तोरण तर त्यालाच द्यायचं होतं, म्हणून तो धापा टाकत डोंगर चढून आला. "मागशील तो भाव देतो, दादा." मी म्हणालो, "भाव नेहमीचाच दे. पण फुलं कुठली, ते भर बाजारात सांगायचं." त्याने सांगितलं, पण पुटपुटत. मी त्याच्याकडून पुन्हा मोठ्याने वदवून घेतलं, मगच टोपल्या सोडल्या. राजवाड्याचं दार पिवळंधमक झालं. परवा त्याचा मुलगा बी मागायला आला. ओंजळभर दिलं, पण आधी त्यालाही विचारलं, "हा झेंडू कुठला?"