चार्ज दिला होता

आष्टीच्या बाजारात परवा कुणीतरी ओरडलं, "ए डिस्चार्ज, मरळ कशी दिली?" आणि मासे विकत बसलेल्या त्या म्हाताऱ्या भोयानं लगेच मान वर केली. जणू आईबापांनी तेच नाव ठेवलं होतं. हातातली कांद्यांची पिशवी कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटली मला.

हे नाव त्याला माझ्यामुळे पडलं.

मी धरणावरच्या लाँचचा ऑपरेटर होतो आणि तो माझा हेल्पर. साहेबांच्या पाहुण्यांना पाण्यात फिरवून आणायचं, एवढंच त्या लाँचचं काम. दिवे, पंखे, गाणी, इंजिनाचा स्टार्टर, सगळं बॅटऱ्यांवर. त्या भरायला मागच्या बाजूला जनरेटर बसवला होता. गंमत अशी, की त्या जनरेटरलाही सुरू व्हायला त्याच बॅटऱ्या लागायच्या. त्या पार उतरल्या की भरणाराही मेला. म्हणून लाँच काठाला बांधली की धूर जायला मागचं झाकण उघडायचं आणि मीटरचा काटा हिरव्यात येईपर्यंत जनरेटर चालवायचा. हे त्याला मीच शिकवलं, शिव्या घालून शिकवलं.

मी रिटायर झालो त्या दिवशी काठावरच खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळच्या फेरीनं बॅटऱ्या तळाला गेल्या होत्या. मी जनरेटर नुकताच लावला आणि साहेब भाषणाला उठले.

"अरे, ती फटफटी बंद करा! माझं मलाच ऐकू येईना."

बंद केला. भाषण झाल्यावर लावू म्हटलं. पण मग हार झाले, पेढे झाले, आणि ऑफिसातल्या बाबूनं कागद पुढे केला. त्यावर सही करून मी लाँचचा चार्ज हेल्परला दिला. आता ऑपरेटर तो. साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "उद्या सकाळी पाहुणे आहेत. चार्ज झाला ना?"

"झाला साहेब," मी म्हणालो.

ते बॅटऱ्यांचं विचारत होते. माझ्या डोक्यात सहीचा कागद होता. हेल्पर शेजारीच उभा होता, त्यानं ऐकलं. भाऊंनी झाला म्हटलं म्हणजे झाला, असा त्याचा माझ्यावर विश्वास.

घरी जेवताना आठवलं. फोन उशाशी होता. पण पाहुणे बसले होते, गळ्यात हाराचा वास होता, आणि आता माझी नोकरी उरली नव्हती. बघेल तो, म्हटलं. भूल तिथं संपली. पुढचं सगळं मी जाणून केलं.

सकाळी साहेबांनी घाई केली. लाँच कण्हत का होईना, सुरू झाली. मधोमध गेल्यावर पाहुण्यांना पक्षी ऐकायचे होते, म्हणून इंजिन बंद, पंखे मात्र चालू. मग काहीच सुरू होईना. इंजिन नाही, जनरेटर नाही. वाऱ्यानं लाँच ढकलत नेऊन बुडालेल्या गावच्या बाभळींवर घातली. तळ फाटला. दुसऱ्या डोंग्यांनी माणसं काढली. कुणी मेलं नाही, पण पाहुणे मोठे होते. हेल्पर रात्रभर बॅटरीवर गाणी वाजवत बसला असणार, असं साहेबांनीच ठरवून टाकलं.

चौकशीत मला बोलावलं. "तुम्ही चार्ज दिला होता ना?"

"दिला होता साहेब."

कागद टेबलावरच होता. एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच शब्दाआड मी दुसऱ्यांदा लपलो, आणि त्या वेळी मला दोन्ही अर्थ पक्के माहीत होते. समोर उभा असलेला हेल्पर माझ्याकडे बघत राहिला. त्याची नोकरी गेली. भोयानंच नाव बुडवली, म्हणून लोक हसले, आणि त्याला डिस्चार्ज म्हणू लागले. त्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीतसुद्धा म्हणाले.

परवा बाजारात त्यानं मान वर केली आणि मला राहवलं नाही. शेजारच्या चहाच्या टपरीवर उभा राहून मी हे सगळं मोठ्यानं सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "मंग भाऊ, आता तुमाले डिस्चार्ज म्हनाव का?"

"म्हणा!"

"नाई, तो एक नंबर, तुमी दोन नंबर." सगळे खिदळले. मी ग्लास आपटला, हलकटांनो, हसता काय, म्हणून ओरडलो. त्यांच्यातला एक तिकडे वळून म्हणाला, "ए डिस्चार्ज, आयकलं का? तुह्या भाऊले करंट आला!"

तो हात पुसत उठला आणि माझ्याजवळ आला.

"मले तवाच मालूम होतं भाऊ. काटा म्या पाह्यला होता, पन तवा लाँच भर पान्यात गेली होती."

"मग चौकशीत बोलला काऊन नाई?"

"तुमी बोलसान म्हून थांबलो."

मला पुन्हा संताप आला. साहेबांवर, टपरीवर, त्याच्या त्या थांबण्यावरसुद्धा. मी पुन्हा ओरडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "गप बसा भाऊ. चिडाचा हक माहा होता. तोयी तुमीच घेऊन राह्यले."

आणि तो जाऊन गिऱ्हाईकाला मरळ कापून देऊ लागला.

म्हणून आता न चिडता लिहितो. त्या सकाळी बॅटऱ्या उतरलेल्या होत्या. गाणी कुणी वाजवली नव्हती. चार्ज मी दिला होता, केला नव्हता.