सखारामच्या हातावरचे डाग

सखाराम गेल्याचा निरोप घेऊन रहीमचाचा शिरपूरच्या शाळेत आले, तेव्हा मी फळ्यावर गणित लिहीत होतो. चाचा मालेगावात पत्र्याचं काम करतात. सखारामच्या मलमाच्या डब्या तेच बनवून देत. "तापानं गेला," ते म्हणाले, "अन् मास्तर, खांदा द्याले कोणी येऊन नाई राह्यलं." पहिलं ऐकून मला रडू आलं. दुसऱ्याचा राग महिना उलटला तरी उतरलेला नाही.

सखारामचं मालेगावात काष्ठौषधींचं लहानसं दुकान होतं. खरूज, गजकर्ण, पावसाळ्यातल्या चिखल्या... सारा मुलूख त्याच्या ओट्यावर येऊन खाजवायचा. जुनं मलम तुपातलं. वैशाखात ते डबीतून ओघळे आणि त्याला वास सुटे. सखारामनं तूप सोडलं, तिळाच्या तेलात राळ कढवली, त्यात गंधक आणि तरोट्याचं बी खललं आणि उन्हात न वितळणारं मलम बसवलं. मग तो नखांच्या मागे लागला. किडलेल्या नखात मलम मुरत नाही, म्हणून आधी नख खरवडायचं आणि मलमात थोडं बिब्ब्याचं तेल घालायचं. थोडं म्हणजे किती, यातच त्याची वर्षं गेली. बिब्बा जास्त झाला की उततो, कातडी भाजून निघते. म्हणून प्रत्येक नवा घाणा तो आधी स्वतःच्या डाव्या हातावर लावी. उतला तिथे फोड येई आणि फोड बरा झाला की पांढरा डाग राही.

"बाही तरी खाली घेत जा," मी म्हणायचो.

"बाही घासली का मलम पुसून जाते. मंग कयते कसं?" असं म्हणून तो हसायचा. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते डाग महारोगाचे समजून लोक त्याच्या घरचं पाणी प्यायचे बंद झाले होते. मलमाची डबी मात्र घेत. तीही ओट्यावर ठेवायला लावून, मग उचलून.

किन्हीराजाच्या देवरावची दोन्ही हातांची नखं पोकळ होऊन भुगा होत होती. चारचौघांत हात उपरण्याखाली लपवून बसायचा. त्याच्यासाठीच सखारामनं बिब्ब्याचं प्रमाण पुन्हा पुन्हा बदललं. कोपराजवळचे सगळे डाग त्या दिवसांतले. पुढच्या दिवाळीला देवराव सुपारी स्वतःच्या हातानं कातरून वाटत होता. अंत्यविधीच्या दिवशी मी त्याच्याच दारात गेलो. "घरात लेकरंबायं हायेत, मास्तर," तो म्हणाला, "रगतपिती लागते." हे सांगताना त्यानं हात जोडले होते. दहाही नखं गुलाबी, नितळ. त्या हातांवर फटका मारावा असं मला वाटलं. मारला नाही, याचाही राग आहे... शेवटी सखाराम रहीमचाचांच्या बैलगाडीतून गेला. मी आणि चाचा गाडीमागून चाललो. वाटेवरची दारं लागलेली होती, आणि त्या प्रत्येक दाराआड त्याची डबी होती.

परवा मी दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो आणि सखारामची बायको मलम खलत होती, तेव्हा देवराव आला. मुलाच्या पायाची नखं किडली होती. मी उठून उभा राहिलो. "वैनी, याला काही देऊ नका," मी म्हणालो, आणि तोंडाला आलं ते सगळं त्याला ऐकवलं. तो खाली मान घालून उभा राहिला, पण गेला नाही.

तिनं मला थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर तिनं खलातलं मलम बोटावर घेतलं, पदर मागे सारला आणि आपल्या डाव्या हातावर ते चोळलं.

"घाणा नवा हाये," ती देवरावला म्हणाली. "उद्या या. माह्या हातावर उतलं नाई तं देईन."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. मनगटाच्या वर एक पांढरा डाग आधीच उमटला होता. देवरावलाही तो दिसला असावा, कारण तो एक पायरी खाली उतरला.

"उद्या कवा येऊ?" त्यानं तिथूनच विचारलं.