उजवा खांदा

खामगावहून जळगाव जामोदला जाणाऱ्या बसमध्ये तो मला रोज भेटायचा. उंच, धिप्पाड, पण वरचा दांडा नेहमी डाव्या हातानेच धरायचा. एकेकाळी जिल्ह्याचा वेगवान गोलंदाज. नागपूरच्या निवड शिबिरात खांदा गेला. ऑपरेशननंतरही उजवा हात वर जाईना.

एकदा बसने कचकन ब्रेक मारला आणि त्याच्या उजवीकडची म्हातारी पडली.

"एवढा दांडगा गडी, मले धरता नाही आलं तुले?" ती चिडली.

त्याने डाव्या हाताने तिला उठवलं, माफी मागितली.

मी म्हटलं, "खांद्याचं सांगायचं ना!"

"काय सांगू, सर? हात तुटला असता तं लोकायले दिसला असता. माय अजून इचारते, औंदा खेळशीन ना? मी हाव म्हनतो."

जळगाव जामोद येईपर्यंत मला त्याच्याकडे बघवलं नाही.